कपाटातल्या एकतीस वह्या

या वेळचं पत्र बडोद्याहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकून, शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देते.

“वय ४४. जन्म, लग्न, नोकरी सगळं बडोद्यातच. घरात मराठी, बाहेर गुजराती. मानसशास्त्रात एम.ए. केलं, पुढे समुपदेशनाची पदविका. बारा वर्षांपासून एका शाळेत समुपदेशक आहे. आता पीएच.डी. करावीशी वाटते. मुलांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदींच्या एकतीस वह्या घरच्या कपाटात आहेत, म्हणजे डेटा तयारच आहे, फक्त लिहून काढायचा. पण गाईड म्हणून ज्या सरांना भेटले ते म्हणाले, वह्यांचं राहू द्या, तीनशे विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्या, ‘अभ्यासाचा ताण आणि समायोजन’ असा काहीतरी विषय घ्या आणि मोकळ्या व्हा. घरी येऊन रडले. माझी मुलं म्हणजे आकडे नाहीत. संशोधनाच्या नादात माझ्यातली समुपदेशक मरून जाईल अशी धास्ती वाटते. दुसरीकडे, डॉक्टरेट मिळाली तर शाळा सोडून स्वतःचं मानसोपचार केंद्र काढता येईल हेही मनात आहे. शाळेत मी एकटीच समुपदेशक, त्यामुळे हे कुणाशी बोलायचं हाही प्रश्नच. एक गंमत मात्र बारा वर्षं बघतेय. घरी मराठी बोलणारी मुलंही मनातलं खरं सांगायची वेळ आली की मध्येच गुजरातीत जातात. नवरा म्हणतो, या वयात हे खूळ कशाला? मुलगी यंदा बारावीला आहे. काय करू?”

ताई,

‘डेटा तयारच आहे’ या शब्दांपाशी मी थांबले आणि बराच वेळ तिथेच होते. करू की नको याकडे नंतर येऊ. आधी त्या वह्यांबद्दल बोलू या.

वह्यांमधली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. आठवीतली असेल. मधल्या सुट्टीत डबा न खाता तुमच्या खोलीत आली, दार नीट लागलंय ना ते वळून पाहिलं, आणि मग रात्री घरात काय चालतं ते सांगितलं. हे या खोलीबाहेर जाणार नाही, असा शब्द तुम्ही दिला होता म्हणून सांगितलं. तुम्ही ते वहीत लिहिलंत ते पुढच्या भेटीत आठवावं म्हणून. आज ती वीस-एकवीस वर्षांची असेल. प्रबंधात यायला ती कधी हो म्हणाली? तिला कुणी विचारलंच नाही, कारण तेव्हा प्रबंध नव्हता.

तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ज्या बाईने बारा वर्षं या वह्या जिवापाड जपल्या, तिला त्या मुलांची काळजी आहे हे सांगावं लागत नाही. आणि नावं तर मी बदलीनच, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हटलं होतं. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी एका बाईंची हकीकत मांडली. नाव बदललं, वय कमी केलं, नवऱ्याचा धंदा दुसराच सांगितला. चहाच्या वेळी ओळखीच्या एक बाई कप हातात घेऊन जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ती आमच्या वाड्यातलीच ना हो?” सासूच्या अर्धांगवायूचा उल्लेख माझ्याकडून राहून गेला होता. तेवढ्यावरून त्यांनी घर ओळखलं. मी “नाही हो” म्हटलं, आणि ते खोटं होतं. त्या दिवसानंतर मी कुणाचीही हकीकत त्या माणसाला विचारल्याशिवाय कुठेही मांडलेली नाही.

आपल्या बडोद्यात तर हे फारच सोपं आहे. मराठी घरं पुष्कळ असली तरी दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा एवढ्या टापूत कोण कुणाचं कोण लागतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. ‘आजी मराठी, आई गुजराती, वडिलांची फिरतीची नोकरी’ एवढ्या वर्णनावर गणपतीच्या मांडवातला माणूस दार दाखवेल. शिवाय प्रबंध आता कपाटात पडून राहत नाहीत. ते ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवले जातात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं आणि तिथले प्रबंध कुणीही फुकट वाचू शकतं. ती मुलगीसुद्धा वाचू शकते.

आता नियमाची बाजू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली माणसांवरच्या संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. सात ते बारा वयाच्या मुलांचा तोंडी, त्यापुढच्यांचा लेखी. आता तुमच्या वह्यांना हे लावून बघा. मुलीने वडिलांबद्दल काही सांगितलं आहे, आणि ते वापरायला परवानगी मागायची ती वडिलांकडे. परवानगीचा कागद पुढे केला की ‘आमच्या मुलीने काय सांगितलं?’ हा प्रश्न त्याच क्षणी येणार. म्हणजे संमती मागण्यातच गुपित फुटतं. ओळख पूर्ण पुसलेल्या जुन्या नोंदींसाठी संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती कधीकधी संमतीतून सूट देऊ शकते. पण तुमच्या नोंदी आकड्यांच्या तक्त्यासारख्या नाहीत. त्या हकीकती आहेत, आणि हकीकतीतून ओळख पुसली की मागे फारसं काही उरत नाही.

तेव्हा वह्या बाजूला ठेवायच्या, असं माझं स्पष्ट मत आहे. वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण वह्यांतल्या हकीकती मुलांच्या असल्या तरी त्या ऐकताना तुम्हाला जो प्रश्न पडला तो तुमचा स्वतःचा आहे, आणि तो विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. पत्राच्या शेवटी ‘एक गंमत’ म्हणून तुम्ही तो सांगून टाकलात आणि पुढे निघून गेलात. मला तर पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली.

मी बाबाजीपुऱ्यात वाढले. आमच्याकडे एखादी मुलगी म्हणते, “मला ना, आतून अकळामण होते.” वाक्य मराठी, दुखणं गुजराती. अकळामण, गभरामण, मूंझारो. तिन्हींचा पोत वेगळा. अकळामणीत कोंडल्यासारखं होतं आणि चिडही येते. गभरामणीत छाती धडधडते. मूंझारो म्हणजे श्वास अडकल्यासारखी घुसमट. इंग्रजी प्रबंधात तिन्हींचं मिळून एक ‘अँग्झायटी’ होऊन बसतं. मराठीत आपल्याकडे घालमेल आहे, कासावीस आहे, जीव वरखाली होणं आहे. ती मुलगी हे शब्द का वापरत नाही? ते आजीचे शब्द आहेत म्हणून? घरच्यांच्या भाषेत घरच्यांची तक्रार करताना जीभ अडते म्हणून? की मैत्रिणीशी भांडण आणि दिलजमाई ज्या भाषेत होते, तिच्यातच मन दुखायलाही शिकतं?

दोन भाषांत वावरणारी माणसं भावनेचं बोलताना भाषा का बदलतात यावर जगात बरंच काम झालं आहे. दुखरी किंवा लाजेची गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगणं पुष्कळांना सोपं जातं, असं त्यात वारंवार दिसलं आहे. पण त्यातली बरीच माणसं देश सोडून गेलेली. आपली गोष्ट निराळी आहे. गायकवाडांच्या काळापासून इथे दोन्ही भाषा भिंतीला भिंत लावून राहतात, आणि सुरसागराच्या काठावर उभा राहिलेला माणूस एका फोनवर मराठी आणि दुसऱ्यावर गुजराती बोलताना आपण कुठे परक्या मुलखात आहोत असं त्याला वाटत नाही. समुपदेशनाच्या खोलीत या दोन भाषांचं काय होतं, हे बारा वर्षं कानांनी ऐकलेली बाई तुम्ही आहात. हा विषय तुमच्याकडे चालत आलेला आहे.

मात्र त्यासाठी शाळेतली मुलं घेऊ नका, आणि तुमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलांना तर नाहीच. अठरा ते पंचवीस वयाची, मराठी घरात वाढलेली, दुसऱ्या कुणाकडे समुपदेशन घेतलेली आणि आता बरी असलेली आठ-दहा तरुण मंडळी पुरतील. प्रत्येकाशी तासभर, जमलं तर दोनदा बोलायचं. अशा थोड्या माणसांच्या अनुभवात खोल उतरण्याची एक रीतसर पद्धत जोनाथन स्मिथ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९६ च्या सुमारास मांडली. मानसोपचाराच्या संशोधनात ती आज सर्रास वापरली जाते. याहून मोकळी हवी तर ब्राऊन आणि क्लार्क यांची २००६ ची, बोलण्यातली सूत्रं शोधण्याची पद्धत आहे. रेकॉर्डिंग उतरवून काढताना एक पथ्य पाळा. मुलगी ‘गभरामण’ म्हणाली तर कागदावर ‘गभरामण’च आलं पाहिजे. आधी मराठीत सुधारून आणि मग इंग्रजीत नेऊन विश्लेषणासाठी विषयवार खुणा लावल्या, तर ज्याचा अभ्यास करायचा तेच वाटेत सांडतं. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सात तास सहज जातात, आणि ते काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेऊ नये असं मला वाटतं. उतरवता उतरवताच विश्लेषणाला सुरुवात होते.

बोलताना कुणी रडलं तर? या खुर्चीत तुम्ही संशोधक आहात, त्या व्यक्तीच्या समुपदेशक नाही, हे तिला आधीच सांगून ठेवायचं. रेकॉर्डिंग थांबवायचं, पाणी द्यायचं, पुढे जायचं की नाही ते तिला ठरवू द्यायचं. आणि मदत कुठे मिळेल याचा कागद आधीपासून तयार हवा. त्यावर करेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तरी असावा. समिती हे विचारतेच. समितीने विचारलं नसतं तरी तुम्ही हे केलंच असतं.

आता सरांकडे वळू. तुम्हाला रडू आलं, ते मी समजू शकते. ‘मोकळ्या व्हा’ हे शब्द बारा वर्षांच्या कामाच्या तोंडावर दार लावल्यासारखे लागतात. पण ‘मुलं म्हणजे आकडे नाहीत’ या तुमच्या वाक्याशी मला थोडं भांडायचं आहे.

१९५२ साली हान्स आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने चोवीस अभ्यास तपासून लिहिलं की मनाने त्रस्त असलेल्यांपैकी दोन तृतीयांश माणसं दोन वर्षांत आपोआप सावरतात, आणि मानसोपचाराने त्यात भर पडते असा पुरावा नाही. केवढा मोठा घाव होता तो! त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नव्हतं. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र मांडले आणि दाखवलं की उपचार घेतलेला सरासरी माणूस, उपचार न घेतलेल्या शंभरातल्या पंचाहत्तर जणांपेक्षा बरा असतो. तुमच्या-माझ्या कामाला आज जी मान्यता आहे तिच्या पायाशी हे आकडे आहेत. अगदी जवळचं उदाहरण हवं तर गोव्याचं घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत दिलेली मदत उपयोगी पडते, हे त्यात दिसलं. प्रश्नावल्या नसत्या तर यावर कुणाचा विश्वास बसला असता?

म्हणून सरांची प्रश्नावली फेकून देऊ नका, ती तुमच्या प्रश्नाला जुंपता येते का बघा. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला असे प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. तिची मराठी आणि गुजराती दोन्ही रूपं आहेत. आता तोच दुभाषी तरुण दोन्ही रूपं वेगवेगळ्या दिवशी भरतो. गुण तेवढेच येतात का? आले नाहीत तर फरक कुठल्या प्रश्नावर पडतो? इथे तीनशे माणसंही हवीत आणि दहा जणांशी निवांत बोलणंही हवं. हा आराखडा दोन पानांत लिहून सरांकडे एकदा पुन्हा जा. ऐकूनही ते ‘समायोजन’च म्हणाले तर नमस्कार करून दुसरे गाईड शोधा, मनात अढी न ठेवता. गाईड शोधायलाही शोधगंगाच कामी येते. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध काढून वाचा. सगळ्यांचा साचा एकच आहे की प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे, ते तासाभरात कळतं. त्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून हेही विचारा की लिहिलेलं प्रकरण परत यायला किती दिवस लागायचे.

संशोधनाने तुमच्यातली समुपदेशक मरेल, ही भीती मी अनेकींकडून ऐकते. माझा अनुभव उलटा आहे. प्रबंधाच्या काळात, एका बाईंच्या संमतीने, मी आमच्या भेटीचं रेकॉर्डिंग केलं. मी उत्तम ऐकते असा माझा समज होता. लोकही तसं म्हणायचे. रात्री जेवणं आटोपल्यावर कानाला लावून बसले. पन्नास मिनिटांच्या भेटीत माझाच आवाज जास्त. एका ठिकाणी त्या म्हणतात, “तसं काही नाही, पण संध्याकाळी दिवे लावायची वेळ झाली की...” आणि मी मध्येच, “झोप कशी लागते?” त्या वाक्याचं पुढे काय होणार होतं ते मला कधीच कळलं नाही. पुढच्या भेटीत मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आता नाही आठवत.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओहायोत हेच केलं होतं. तेव्हा टेपही नव्हती. तबकड्यांवर आवाज घ्यायचा आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलायची. १९४२ साली रॉजर्सनी एका माणसाच्या आठही भेटींचं शब्दशः टिपण छापलं. तोवर बंद दाराआड काय होतं ते उपचार करणारा आठवून सांगेल तेवढंच जगाला कळे. आपण समोरच्याला बोलू देतो असं मानणारे समुपदेशक प्रत्यक्षात त्याला किती हाकतात, ते त्या तबकड्यांनी त्यांचं त्यांनाच ऐकवलं. माझ्या लेखी समुपदेशनातलं संशोधन-प्रशिक्षण म्हणजे आधी हे. आकडेशास्त्र नंतर शिकता येतं. तुमच्यातली जी समुपदेशक मरेल अशी भीती वाटते, तिला एकदा रेकॉर्डिंगवर ऐका. अर्थातच समोरच्याची परवानगी घेऊन. तिचं थोडं काही गळून पडेल, आणि ते गळून पडलेलंच बरं.

मानसोपचार केंद्राबद्दल मात्र गोड बोलून चालणार नाही. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. तिच्या जोरावर तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं, देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचं प्रशिक्षण आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. वर्षानुवर्षं ही वाट दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून जात होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. तेव्हा ही वाट धरायची असेल तर परिषदेने आता कुठले अभ्यासक्रम मान्य केलेत ते तिच्याच संकेतस्थळावर बघा, शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत नको. समुपदेशक म्हणून स्वतंत्र काम करणं वेगळं. ते तुम्ही आजही करू शकता, त्याला पीएच.डी.ची गरज नाही. पण २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने हेही क्षेत्र नोंदणीच्या कक्षेत आणलं आहे, त्यामुळे पदव्या, पदविका, अनुभवाची पत्रं नीट लावून ठेवा. थोडक्यात, केंद्र काढायचं असेल तर पीएच.डी. ही लांबची वाट आहे, आणि तीही त्या दाराशी जात नाही.

आणि आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तो मी विचारते. बारा वर्षं तुम्ही ऐकताय. तुमचं कोण ऐकतं?

‘शाळेत मी एकटीच’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. एखाद्या मुलाने हात कापून घेतल्याचं सांगितलं, त्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही कुणाला फोन केलात? घरी तर सांगता येत नाही. आपल्या देशात शाळेच्या समुपदेशकाला वरून कुणी अनुभवी माणूस बघतो, दर पंधरवड्याला तिच्या केसेस ऐकतो, अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. मला शंका येते की पीएच.डी.ची ओढ ही थोडी पदवीची आणि बरीचशी या सोबतीची ओढ आहे. कुणीतरी तुमच्या कामाकडे गंभीरपणे बघावं, ही. त्यात चूक काही नाही. पण गाईड ही सोबत देईलच असं नाही. बहुतेक गाईड प्रकरणं तपासतात, मन नाही. म्हणून प्रवेश घ्या वा घेऊ नका, हे आधी करा. शहरातल्या चार-पाच शाळांच्या समुपदेशकांना गोळा करून महिन्यातून एक शनिवार ठरवा. कुणाच्या घरी बसा, सेव-उसळ मागवा, आणि नाव-गाव न सांगता एकीने एक अडलेला प्रसंग मांडायचा. महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी उपचारकाला पैसे देऊन दूरदृश्यावरून देखरेख घ्या. मराठीत बोलणारे पुण्या-ठाण्यात पुष्कळ आहेत. गोव्याच्या त्या प्रकल्पातही समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटींची रेकॉर्डिंग्ज ऐकायचे आणि ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. त्यांना कुणी तज्ज्ञ कायम शेजारी बसून मिळाला नव्हता.

वर्षभर हे केल्यावरही भाषेचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, तर मग रजिस्टर व्हा. नियम तुमच्या आड येत नाहीत. एम.ए.ला ५५ टक्के असले की पात्रता आहे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. अर्धवेळ करता येते, फक्त शाळेचं एनओसी लागतं, आणि त्यात कोर्सवर्कसाठी वेळ देऊ असं लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं, त्यात संशोधन-नैतिकतेचा पेपर सक्तीचा. प्रवेश यूजीसीच्या ‘नेट’ परीक्षेच्या गुणांवर की वेगळ्या परीक्षेवर, ते विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. मुलीची बारावी होऊन जाते तोवर तुमचं हे वर्षही वाया जात नाही. शनिवारचा गट, शोधगंगेवरचं वाचन आणि महिन्यातून दोनदा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात अर्धा दिवस, एवढ्यात भरतं.

नवऱ्याला ‘खूळ’ वाटतंय, त्यावर मी फार बोलणार नाही. त्यांना वयाची काळजी आहे की घरच्या वेळापत्रकाची, की पैशांची, ते सरळ विचारा. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पत्र लिहिणाऱ्या ताईंसारख्याच, पण तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलींची पत्रंही मला येतात. एम.ए. झालं की थेट पीएच.डी. करू का, असं विचारणारी. त्यांना एवढंच सांगते की आधी दोन-तीन वर्षं माणसांसमोर बसा, कुणाच्या तरी देखरेखीखाली. समुपदेशनातला चांगला प्रश्न ग्रंथालयात क्वचितच सापडतो. आणि ज्यांचं एम.ए. अजून व्हायचं आहे त्यांनी दूरस्थ अभ्यासक्रमात पैसे भरण्याआधी चौकशी करावी. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले आहेत.

ताई, शेवटी पुन्हा वह्या. त्या घरच्या कपाटात असू नयेत. मुलगी मोठी आहे, घरात माणसांची ये-जा आहे, उद्या रंगकामाला कपाट हलवावं लागलं तर वह्या पलंगावर पडतील. मुख्याध्यापकांशी बोला, शाळेत कुलपाचं एक कपाट फक्त तुमच्यासाठी मागून घ्या, किल्ली तुमच्याकडे. शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या आणि मग कशा नष्ट करायच्या, ते शाळेकडून लेखी ठरवून घ्या. इतर शाळांतल्या समुपदेशकांनीही हे याच आठवड्यात करावं. वह्या रिक्षातून नेऊ नका. नवऱ्याला गाडी काढायला सांगा, एका फेरीत होईल. आणि येताना दुकानातून एक नवी वही घ्या. तिच्यात कुठल्याच मुलाचं नाव येणार नाही. पहिल्या पानावर तीन शब्द लिहा, अकळामण, गभरामण, मूंझारो, आणि प्रत्येकासमोर तुम्हाला स्वतःला तो शेवटचा कधी वाटला होता, आणि तेव्हा तुम्ही ते कुठल्या भाषेत म्हणालात, ते.